इतर परिस्थिती स्थिर असताना

नमो बुद्धाय

परळ,
९ जुलै

चि. संघमित्रा हिस,
मावशीचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जय भीम.

पत्रास कारण तूच आहेस. फोनवर बोलायचं नाही, हातानं लिहून टपालात टाकायचं, म्हणजे बारावीच्या पेपरात तीन तास हात चालेल, असा तू हुकूम काढलास. परळहून फणसवाडीला बसनं येऊन मी जे तोंडी सांगितलं असतं, ते आता पाच रुपयांचं तिकीट लावून चार दिवसांनी तुला कळणार. असो. वकीलबाईंपुढे कोण बोलणार!

तर सतरा नंबरचा फॉर्म भरला. घरी बसून अभ्यास करायचा आणि बाहेरून परीक्षा द्यायची. ही तिसरी वेळ. पहिल्यांदा सासूबाईंचं आजारपण निघालं, दुसऱ्यांदा मनालीची दहावी आली, आणि दोन्ही वेळा मी परीक्षेला बसलेच नाही. तुझे काका या वेळी काही बोलले नाहीत. फी दिली आणि पेपर वाचत बसले. चार शब्द टाकून बोलले असते तर बरं वाटलं असतं.

या खेपेला मात्र बसायलाच हवं. आपल्या विहारातल्या बालवाडीच्या मेघनाबाई पुढच्या जूनमध्ये काम सोडणार. दर शनिवारी मी त्या पोरांना गोष्टी सांगायला जाते हे तुला माहीत आहे. मेघनाबाईंनी कमिटीला माझं नाव सांगितलं, पण कमिटी म्हणते की ट्रेनिंगला पाठवायचं तर बाई बारावी पास हवी. दुसरी कुणी आली की माझा शनिवारही गेला. पोरं मला आत्ताच टीचर म्हणतात, आणि मला दर वेळी खोटं बोलल्यासारखं वाटतं.

आज अभ्यासाचा पहिला दिवस होता. सकाळी बसायच्या आधी बुद्धमूर्तीपुढची पितळी समई घासली, कारण काळ्या समईसमोर शिकायला बसणं बरं दिसत नाही. मग समई चकचकीत झाल्यावर बाकीची पितळ डोळ्यांत खुपायला लागली. संध्याकाळपर्यंत घर लग्नघरासारखं झालंय. पुस्तक उद्यापासून.

तुझ्या न्यायाधीशाच्या परीक्षेचं काय? घरात गोंगाट होतो म्हणून वेगळी खोली घेतलीस, तेव्हा अभ्यास जोरात असेल. जेवत जा.

तुझी खुशाली वाचायला डोळे लावून बसलेली,
मावशी


फणसवाडी,
१५ जुलै

आद. मावशीस,
स. जय भीम, वि. वि.

समईचा मजकूर वाचून मी इथे एकटीच मोठ्यानं हसले. मालकीणबाई विचारायला आल्या की काय झालं. मावशी, उद्या तू पळ्या घासशील, परवा पातेली, आणि फेब्रुवारीत अख्ख्या परळमध्ये तुझ्यासारखी भांडी कुणाची नसतील. पण बारावी?

नीट ऐक. एक, मनालीकडून वेळापत्रक करून घे आणि भिंतीवर लाव. दुसरं, पंचवीस मिनिटांचा गजर लाव. गजर होईपर्यंत उठायचं नाही, मग पाच मिनिटं सुट्टी. आमच्या ऑफिसातले सगळे असंच करतात. अवघड आधी आणि सोपं नंतर घे. तुला इंग्रजीची भीती वाटते ना? मग इंग्रजीच आधी.

माझं ठीक चाललंय. सकाळी वकीलसाहेबांचं ऑफिस, दुपारनंतर खोली. खोली छान आहे, शांत आहे. परवा भिंतीला शेल्फ ठोकून घेतलं, आता त्याला रंग कुठला द्यावा ते बघतेय.

काकांना सांग, मी त्यांच्या वतीनं तुला दोन शब्द टाकून बोलले.

तुझी मार खायच्या लायकीची,
संघमित्रा


नमो बुद्धाय

परळ,
२६ जुलै

चि. संघमित्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

वेळापत्रक झालं. मनालीनं चार रंगांत काढलंय. येणारीजाणारी प्रत्येक बाई त्याचं कौतुक करते, त्यावर मी चहा टाकते, आणि वेळापत्रकातली ती वेळ निघून जाते.

तुझा गजरही लावून पाहिला. पुस्तक उघडलं, गजर लावला, आणि मनात आलं, पंचवीस मिनिटं नुसतं कशाला बसायचं, तेवढ्यात कुकर होईल. कुकर लावला. कुकर होईपर्यंत चवळी निवडली. गजर झाला तेव्हा जेवण तयार होतं आणि इंग्रजीच्या पहिल्या धड्यावर चवळीतले खडे होते. तुझे काका म्हणाले की ही पद्धत चांगली आहे, रोज करत जा, जेवण वेळेवर मिळतं.

आषाढ पौर्णिमेपासून विहारात वर्षावास सुरू झालाय. ग्रंथवाचन यंदाही माझ्याकडेच आहे. रोज संध्याकाळी पांढरी साडी नेसून जायचं, त्रिसरण पंचशील झालं की पुढचं पान वाचायचं. तिथं मात्र मी कधी चुकत नाही हो. ताप असतानाही गेलेय. बाया चटयांवर येऊन बसलेल्या असतात, कौसल्याआजी तर गुडघे दुखत असताना दोन मजले उतरून पहिल्या येतात. त्यांना बसवून ठेवायचं म्हणजे काय!

विहाराच्या ग्रंथाचं कव्हर पार फाटलं होतं म्हणून तो घरी आणला आणि गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची कोरी बाजू वर करून कव्हर घातलं. कागद उरला. टाकवेना, म्हणून त्यातच अर्थशास्त्राच्या जुन्या गाइडालाही घातलं. मग इतिहासाला, मराठीला. एक अख्खी दुपार त्यात गेली, पण पुस्तकं अशी देखणी झाली आहेत की उघडून मळवावीशी वाटत नाहीत.

शेल्फचा रंग ठरला का? आणि त्यावर ठेवायची पुस्तकं कुठपर्यंत आली ते तू लिहिलं नाहीस.

आठवण काढणारी,
मावशी

ता. क. पत्र नऊ पानी झालं. हात छान चालतोय!


फणसवाडी,
३१ जुलै

आद. मावशीस,
स. जय भीम, वि. वि.

या वेळी हसले आणि मग रागावले. मावशी, तुझं सगळ्यात मोठं निमित्त आता समई नाही आणि चवळीही नाही, मला लिहिलेलं पत्र हेच आहे. नऊ पानं! तेवढ्यात इतिहासाचा एक धडा झाला असता. यापुढे पत्रात अभ्यासाचं काही असेल तरच पाकीट उघडीन, नाहीतर तसंच परत पाठवीन. पाच रुपये फुकट जातील, मग तू आपोआप वाचशील.

मला तू बालवाडीत टीचर झालेली बघायची आहेस. मी चार वर्षांची असताना तू मला बाराखडी शिकवलीस ती काही उद्यापासून म्हणून नव्हे.

रागावलेली, पण तुझीच,
संघमित्रा


नमो बुद्धाय

परळ,
६ ऑगस्ट

चि. संघमित्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पाकीट उघड. शपथेवर सांगते, आत अर्थशास्त्र आहे.

परवा गटारीच्या आदल्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे विहारात गेले. वंदना झाली, सगळ्या शांत बसल्या, मी ग्रंथ मांडीवर घेऊन खुणेची दोरी चाचपली तर दोरीच नाही. पान उलटलं आणि बघते तर काय! एकाच कॅलेंडरची कव्हरं, एकाच जाडीची पुस्तकं; ग्रंथ घरी फळीवर आणि माझ्या मांडीवर अर्थशास्त्राचं गाइड! मी हात जोडून म्हटलं की चूक झाली, धावत जाऊन घेऊन येते. तर कौसल्याआजींनी विचारलं की हे कसलं पुस्तक आहे. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, बाबासाहेब परदेशात जाऊन काय शिकले होते? हेच ना? मग वाच की, आम्ही बसलोय.

आता बसलेल्या बायांना उठवायचं कसं? वाचलं. निघालं ते मागणीच्या नियमाचं पान. किंमत वाढली की मागणी कमी होते, किंमत कमी झाली की मागणी वाढते. हे वाक्य मी आत्तापर्यंत कितीदा वाचलं असेल, दर वेळी डोळ्यांवरून वाहून गेलं.

तर पायरीवरून आवाज आला की हे साफ खोटं आहे. ती आमची पुतळाबाई. शीव कोळीवाड्याची. वर्षावासात आम्हा पांढऱ्या साडीवाल्यांकडे मासळी होत नाही हे माहीत असूनही संध्याकाळी पाटी बाहेर ठेवून पायरीवर ऐकायला बसते. म्हणाली, उद्या गटारी, पापलेटाचा भाव बघा कुठे गेलाय, तरी माणसं अंगावर पडतायत. आणि परवापासून श्रावण लागला की मी निम्म्या भावात देईन तरी पाटीकडे कुणी ढुंकून बघणार नाही. तुझ्या पुस्तकानं कधी बाजार केलाय का, असं तिनं सगळ्यांसमोर विचारलं.

बाया हसल्या. कुणी तिच्या बाजूनं, कुणी पुस्तकाच्या. टोमॅटो निघाला, सोनं निघालं, शाळेचे युनिफॉर्म निघाले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या की आता तू सांग. मान खाली घालून तेच वाक्य पुन्हा वाचलं, तेव्हा त्याच्या आधीचे चार शब्द पहिल्यांदा दिसले. इतर परिस्थिती स्थिर असताना.

मी पुतळाबाईला म्हटलं, बाई, नियम तुझ्या रोजच्या दिवसाचा आहे. गटारीला आणि श्रावणात लोकांचं मनच बदलतं, म्हणजे परिस्थिती स्थिर नाही, तिथं हा नियम लागत नाही. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली की मग पुस्तक लिहिणारा अगदीच वेडा नाही.

घरी येताना ते चार शब्द डोक्यातून जाईनात. मी इतकी वर्षं काय करत होते? घरातली परिस्थिती स्थिर होण्याची वाट बघत होते. सासूबाई बऱ्या होऊ देत, मनालीची दहावी होऊ दे, समई उजळू दे. बाई ग, कुणाच्या घरात ती स्थिर होते?

आता खरी गंमत. काल ग्रंथाचं पान संपवून मी उठायला लागले तर कौसल्याआजींनी पदर धरला. दुसरं पुस्तक कुठंय म्हणाल्या. आजपासून रोज ग्रंथानंतर गाइडाचं एक पान असं बायांनी परस्पर ठरवून टाकलंय. आणि ऐकणाऱ्या प्रश्न विचारतात, म्हणून मला दुपारी बसून ते पान आधी समजून घ्यावं लागतं. आज दुपारी मी तास दीड तास वाचत होते ग! कुकर लावायचा राहिला. तुझ्या काकांनीच खिचडी टाकली.

आनंदात असलेली,
मावशी


फणसवाडी,
१३ ऑगस्ट

आद. मावशीस,
स. जय भीम, वि. वि.

पाकीट उघडलं, आणि तीनदा वाचलं. मला पुतळाबाईंना भेटायचंय, आमच्या साहेबांपेक्षा चांगली उलटतपासणी घेतात. इतिहासही असाच वाच. राज्यशास्त्र तर सोडूच नकोस, आपल्या बायांना त्यातलं तुझ्यापेक्षा जास्त कळेल.

वेळापत्रक आणि गजर मी मागे घेते. काकांना खिचडीबद्दल माझा जय भीम.

माझं ठीक. शेल्फला निळा रंग दिला.

तुझ्यावर खूश असलेली,
संघमित्रा


नमो बुद्धाय

परळ,
२९ ऑक्टोबर

चि. संघमित्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही, कारण अभ्यास चालला होता. असं मला कधी लिहायला मिळेल हे वाटलं नव्हतं! इतिहास संपला, राज्यशास्त्रावर तर अशी भांडणं झाली की विहाराच्या कमिटीनं येऊन विचारलं काय चाललंय.

पण अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. ग्रंथ पूर्ण झाला, खीरदान झालं, चटया गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक घेऊन बसले आणि बघते तर खिडक्यांच्या गजांवर किती धूळ! गज पुसले. मग पंखा. मग गोधड्या उन्हात घातल्या. आठवडाभर तेच. मनाली म्हणाली की आई, समई राहिली. मला रडू आलं. बाया समोर असल्या की मी हुशार, एकटी पडले की पहिल्यासारखीच.

हे मी कुणाला बोलले नव्हते. पण मनालीच्या पोटात काही राहतं का? परवा संध्याकाळी दार वाजलं, बघते तर कौसल्याआजी दोन मजले चढून आलेल्या, बगलेत चटई. मागं तीन जणी, सगळ्यांच्या बगलेत चटया, आणि शेवटी पुतळाबाई. पाटी तिनं जिन्यात ठेवली होती. आजी म्हणाल्या, विहारात जागा नसेल तर तुझ्या घरात आहे, आणि आम्हाला चहा नको, चहाच्या नादात तू पान चुकवशील. तुझे काका उठून बाहेर गॅलरीत पेपर वाचायला गेले. जाताना मात्र या वेळी बोलले. म्हणाले, आता बघतो कशी बसत नाही ती परीक्षेला. ग संघमित्रा, चार शब्दांची वाट बघत होते, सात मिळाले.

आता इंग्रजी. मी म्हटलं की इंग्रजी तुम्हाला कळणार नाही, त्याचं काय वाचू. त्यावर आजी म्हणाल्या की इंग्रजी आम्हाला कळत नाही, पण तू कळतेस. जिथं तुला येत नाही तिथं तुझा आवाज खाली जातो, तिथं आम्ही थांबवू. आणि थांबवतात! दर दोन ओळींनी. मग मनालीला बोलावून तो शब्द विचारायचा, पुन्हा पहिल्यापासून. आवाज सरळ गेला की त्या मान डोलावतात.

आता तुझं सांग. मी तुझी तिन्ही पत्रं पाहिली. त्यात शेल्फ आहे, रंग आहे, मालकीणबाई आहेत, अभ्यास नाही. मी काही विचारत नाही. फक्त पाहिलं.

मावशी


फणसवाडी,
६ एप्रिल

आद. मावशीस,
स. जय भीम, वि. वि.

तुझे पेपर झाले हे मनालीकडून कळलं. फक्त पत्रानंच बोलायचं हा माझाच नियम, नाहीतर शेवटच्या पेपरला केंद्राच्या फाटकापाशी येऊन तुला मिठी मारली असती. मनाली सांगत होती की इंग्रजीच्या दिवशी पाचही जणी फाटकाबाहेर चटया टाकून बसल्या होत्या आणि पोलीसमामांनी विचारलं की कुठला मोर्चा आहे. खरं का?

ऑक्टोबरच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पुरवणी जोडून लिहायचं म्हणून राहिलं असं म्हणणार होते, पण तुला खोटं कळतं. तुझं शेवटचं वाक्य लागलं होतं, म्हणून राहिलं.

मावशी, पुस्तकं अजून खोक्यात आहेत. न्यायाधीशाची परीक्षा ऑगस्टमध्ये आहे. मी खोली घेतली, शेल्फ केलं, रंग दिला, टेबलाची काच बसवली, दिवा आणला. इथं आवाज नाही, पाहुणे नाहीत, स्वयंपाक नाही. इथं इतर परिस्थिती अगदी स्थिर आहे, आणि मी काहीच करत नाही. ऑफिसातून आले की उद्यापासून असं म्हणते आणि झोपते. तुला सल्ले लिहिले की मला वाटायचं, आज काहीतरी अभ्यासाचं केलं. आता एकच प्रयत्न उरलाय, वयोमर्यादा पुढच्या वर्षी संपते.

तू रागाव. मी वाट बघते.

संघमित्रा


नमो बुद्धाय

परळ,
७ मे

चि. संघमित्रा हिस,
अनेक अनेक आशीर्वाद.

पास झाले!

मनालीनं मोबाइलवर बघून दाखवलं. इंग्रजीत अडतीस. कौसल्याआजींना सांगितलं तर म्हणाल्या की आवाज दोनचार ठिकाणी अजून खाली जात होता, तेवढेच गेले. अर्थशास्त्रात सगळ्यांत जास्त, त्र्याहत्तर. मागणीच्या नियमाचे अपवाद विचारले होते. आधी पुस्तकातले सगळे लिहिले, मग वेळ उरला म्हणून नियम केव्हा लागत नाही ते समजावायला गटारी आणि श्रावणही लिहून टाकला. पुरवणी मागावी लागली. हात दुखला नाही, ते तुझ्या पत्रांचं श्रेय. पोलीसमामांची गोष्ट खरी आहे. पुतळाबाईनं त्यांना सांगितलं की मोर्चाच आहे.

तुझे काका पेढे घेऊन आले. अर्धा किलो पुरे म्हणत होते, एक किलो आणले. हिशोबात मी ते लिहिलेच नाहीत, पहिल्यांदाच. कमिटीनं पत्र दिलं, जूनमध्ये ट्रेनिंग आणि मग बालवाडी. शनिवारी पोरांनी टीचर म्हणून हाक मारली, आणि या वेळी मी चटकन ओ दिली.

तुझं पत्र महिनाभर उशीखाली होतं. रागावले नाही. तुला काय लिहावं तेच कळत नव्हतं, मग परवा ते संध्याकाळच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवलं. तुला विचारलं नाही, ते माझं चुकलं. पण ऐकून आजी एवढंच म्हणाल्या, पोरीला शांतता आहे, बसलेलं कुणी नाही.

तर येत्या रविवारी आम्ही सहा जणी फणसवाडीला येतोय. चटया आमच्या आम्ही आणतो. आजींसाठी टॅक्सी केलीय, बाकीच्या बसनं. मालकीणबाईंना सांगून ठेव की मोर्चा नाही. चहा करायचा नाही. तू खोकं फोडायचं, पहिलं पुस्तक काढायचं, पहिल्या पानापासून वाचायचं. आम्हाला कायदा कळणार नाही, पण तू जिथं अडखळशील तिथं आम्ही थांबवू. नंतर दर रविवारी येऊ, ऑगस्टपर्यंत. मधल्या दिवसांत आम्ही काय विचारू याचा तू विचार करत बस.

पुतळाबाईचा पहिला प्रश्न तयार आहे. पाटीतली सगळी मासळी हातानं दाबून बघून काही न घेता निघून जाणाऱ्याला कुठलं कलम लागतं? तेवढं शोधून ठेव, नाहीतर ती पहिल्याच पानाला तुला उठवून लावील.

दार उघडं ठेव. आम्ही बसायला येतोय.

तुझी,
माया मावशी